दोन लिटर डिझेलएवढी बॅटरी

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच, एक किलोवॅट-तास. जर्मनीतल्या आखेन शहरात बनलेल्या 'स्ट्रीटस्कूटर वर्क' या टपालगाडीची बॅटरी होती सुमारे 20 युनिटची. म्हणजे टाकीत जेमतेम दोन लिटर डिझेल घालून पोस्टमनला दिवसभराच्या फेरीवर धाडण्यासारखंच. (नावात स्कूटर असली तरी गाडी चारचाकी, मागे चार घनमीटरचा खोका.) तरी फेरी पुरी व्हायची. त्याचं गुपित गाडीच्या थांबण्यात आहे.

दिवसाला 200 वेळा थांबायचं आणि निघायचं, हे या गाडीचं काम. मालासकट वजन दोन टन धरू, वेग ताशी 36 किलोमीटर. शाळेतलं गतिज ऊर्जेचं, म्हणजे वेगामुळे गाडीत येणाऱ्या ऊर्जेचं, सूत्र लावलं की दर वेळचं उत्तर येतं 100 किलोज्यूल. एका युनिटात 3,600 किलोज्यूल असतात. म्हणजे दर 36 थांब्यांमागे एक युनिट, दिवसाला साडेपाच युनिट! डिझेलगाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. शिवाय थांबल्यावरही इंजिन बहुधा घुरघुरत असतंच. दारोदारी सिलिंडर पोचवणाऱ्या टेम्पोच्या मागे अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

विजेच्या गाडीत मात्र वेग कमी करताना मोटरच उलट्या कामाला लागते. चाकं मोटरला फिरवतात, ती जनित्र बनते आणि वीज बॅटरीत परत जाते. अर्थात सगळी नाही. मोटर, तारा, बॅटरी जो तो आपली दलाली कापून घेतो. पण डिझेलगाडीला यातला एक छदामही मिळत नाही. त्यात वेग कमी. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, तो खर्च गल्लीबोळात वाचतो. रस्ता ठरलेला, रात्री गाडी डेपोत चार्जिंगला. एका चार्जवर सुमारे 80 किलोमीटर पुरतात. मोठी बॅटरी घातली असती तर तिचंच ओझं रोज वाहावं लागलं असतं.

अशी गाडी बाजारात मिळेना, म्हणून 'डॉइचे पोस्ट' या टपाल कंपनीने कारखानाच विकत घेतला. आखेनच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक ग्युंथर शू आणि आखिम कांप्कर यांनी 2010मध्ये स्ट्रीटस्कूटर कंपनी काढली होती. 2014मध्ये ती टपालवाल्यांची झाली. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात गाड्या जुळू लागल्या. रचनेत पोस्टमनांच्या सूचना घेतल्या होत्या. बाहेरचे पत्रे प्लॅस्टिकचे, घासले-ठोकले गेले की तेवढाच तुकडा बदलायचा. दिसायला गाडी ओबडधोबडच. पण 2016मध्ये फोक्सवागनचे तेव्हाचे प्रमुख माथियास म्युलर यांनी, ही गाडी आपल्या माणसांनी का बनवली नाही, म्हणून उघड चिडचिड केली. मला तरी ही सगळ्यात मोठी शाबासकी वाटते.

हिवाळ्यात मात्र हिशोब फिरतो. डिझेल इंजिन इतकी उष्णता वाया घालवतं की केबिन फुकटात गरम होते. इथे हीटरही बॅटरीवरच. दोन किलोवॅटचा हीटर पाच तास चालला की 10 युनिट, म्हणजे अर्धी बॅटरी संपली. आणि दर थांब्याला दार उघडणार, ऊब बाहेर जाणार. थंडीत लिथियम बॅटरी स्वतःही आखडते, ते वेगळंच.

भौतिकशास्त्राने साथ दिली, पण धंद्याच्या वहीत तोटाच राहिला. मोटारी बनवणं हे टपाल कंपनीचं काम नव्हे, असं ठरलं. दहा हजारांहून अधिक गाड्या ताफ्यात असताना 2020मध्ये उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला, तो पुढे लांबत गेला आणि 2022मध्ये 'ओडिन ऑटोमोटिव्ह' या कंपनीला व्यवसाय विकला गेला. त्याच वर्षी टपाल कंपनीने फोर्डशी दोन हजारांहून जास्त विजेच्या व्हॅनचा करार केला. एकेकाळी शोधूनही न मिळणारी गाडी आता मोठ्या कंपन्यांच्या यादीत आली होती.