दिवा लागतो, पण डीबगर सापडत नाही

कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांना प्रोजेक्टसाठी विषय लांब शोधावा लागत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीतलं भट्टीचं तापमान किंवा उद्यमनगरातल्या लेथच्या मोटरचा वेग मोजायचा म्हटलं, की हातात एसटी कंपनीच्या न्यूक्लिओसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (एका चिपमध्ये मावणारा छोटा कॉम्प्युटर असलेला) येतोच. केबल जोडली, बोर्डवरचा दिवा लागला, आणि कॉम्प्युटर म्हणतो डीबगर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम टाकणारा आणि तपासणारा भाग, सापडत नाही. मग बोर्ड जळाला असं समजून नवा मागवला जातो. बहुतेक वेळा तो धडधाकट असतो, म्हणून ही घाई मला खटकते.

न्यूक्लिओवर दोन मायक्रोकंट्रोलर असतात. आपला प्रोग्राम चालतो तो मुख्य, आणि यूएसबी सॉकेटजवळचा छोटा म्हणजे एसटी-लिंक डीबगर. कॉम्प्युटर फक्त या छोट्याशी यूएसबीवरून बोलतो. छोटा मुख्य चिपशी एसडब्ल्यूडी नावाच्या दोन तारांवरून बोलतो. यातलं कोणतं संभाषण तुटलंय, हे आधी ठरवायचं.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली, एवढंच कळतं. कॉम्प्युटर डेटाच्या दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रोधांनी शून्याकडे ओढून ठेवतो. डीबगर त्यातली डी-प्लस नावाची तार १.५ किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टकडे ओढतो. या ओढाताणीत तारेवर सुमारे ३ व्होल्ट येतात, आणि तेवढ्यावरून कॉम्प्युटरला कळतं की कुणीतरी आलंय. मग तो ओळख विचारतो, १ ते १२७ मधला एक पत्ता देतो. एसटी कंपनीची ओळख म्हणजे ०४८३ हा क्रमांक.

मोबाइल चार्जिंगच्या काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. अशा वेळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, काहीच हलत नाही, अनोळखी उपकरण म्हणूनसुद्धा नोंद येत नाही. ही शांतता दिसली की आधी केबल बदला. ‘अननोन डिव्हाइस’ दिसलं तर कॉम्प्युटरला चाहूल लागलीय, पण ओळख नीट पोहोचली नाही: सैल सॉकेट, खराब केबल किंवा हब तपासा. एसटी-लिंकचं नाव आलं पण पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हर टाका. लिनक्सवर यूएसबी उपकरणांची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या कमांडला ०४८३ दिसतो, तरी सॉफ्टवेअर हात वर करतं. तिथे बहुधा परवानगी अडते आणि युडेव्हचा नियम, म्हणजे उपकरण कुणाला वापरू द्यायचं हे सांगणारी ओळ, घातला की काम होतं.

बोर्डवरचा ‘कॉम’ दिवाही बोलका आहे. तो सावकाश लाल लुकलुकत राहिला तर यूएसबीची ओळख झालेली नाही. स्थिर लाल झाला तर कॉम्प्युटर ते डीबगर रस्ता मोकळा आहे, आता बोर्डच्या आत बघायचं.

आत बघताना पहिली नजर जंपरवर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांवर; बऱ्याच न्यूक्लिओ-६४ बोर्डांवर त्या सीएन२ या जागी दोन असतात. ते काढलेले असतील तर डीबगर मुख्य चिपपासून तुटतो. जंपर जागेवर असतील तर संशय आपल्याच प्रोग्रामवर घ्यावा. एसडब्ल्यूडीच्या पिना पीए१३ आणि पीए१४ या इतर कामांनाही वापरता येतात. प्रोग्रामने त्या एलईडीसाठी घेतल्या, की सुरू होताक्षणी डीबगरचं दार बंद होतं. यावर उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्ट अंडर रीसेट’ निवडणं. चिप रीसेटमध्ये धरून ठेवली की प्रोग्रामची पहिली ओळही चालत नाही, पिना मोकळ्या राहतात, आणि डीबगर आत शिरून चूक असलेला प्रोग्राम पुसू शकतो.