आफ्रिका नावाचा देशच नाही राव!
लातूरच्या आडतीवर तुरीचा भाव पडला की कुणीतरी म्हणतंच, 'सरकारनं आफ्रिका देशाशी करार केलाय ना, मग काय होणार!' आमच्या मामांचं तर हे ठरलेलं वाक्य. पण आफ्रिका हा देश नाही, खंड आहे, ५४ देशांचा, आणि भारताचा तुरीचा पहिला करार २०१६ ला झाला तो एकट्या मोझांबिकशी, मलावीशी वेगळा २०२१ ला, म्यानमारशीही त्याच वर्षी (तो तर आशियात!). बरं, भाव नुसत्या करारानं पडत नाही, खरी गोम म्हणजे मे २०२१ पासून तुरीची आयातच खुली केली, मग करारात ठरलेला कोटा (वर्षाला किती तूर आणायची ते) कुणाला आडवणार होता? सगळ्या खंडाशी बोलायला भारत-आफ्रिका शिखर परिषद असते, २००८ पासूनची, तिथं तुरीचे सौदे होत नसतात.