काविळीची गुळवेल

करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या कडुनिंबावरची गुळवेल लोकांनी पार ओरबाडली. रोज सकाळी कोणीतरी सुरी घेऊन हजर. बोटभर जाडीचा तुकडा घ्यायचा, कागदासारखी साल खरवडायची, आतला हिरवा गर ठेचून उकळायचा. वेलीचं काही बिघडलं नाही. वर लोंबकळत राहिलेल्या फांदीनं दोऱ्यासारखी मुळं सोडून पुन्हा माती गाठली. तिचं संस्कृत नावच आहे छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी.

काढा पिणाऱ्या प्रत्येकाचं मात्र इतकं सुरळीत झालं नाही. २०२० सालच्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे काविळीचे सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा त्यांच्या तपासण्यांत दिसल्या. २०२१ मध्ये हा अहवाल छापून आला, तेव्हा वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. गुळवेल सुरू केल्यापासून साधारण दीड महिन्यात त्रास दिसू लागला होता.

गंमत म्हणजे याच मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. शारदिनी डहाणूकर यांच्या गटाने काविळीच्याच रुग्णांना गुळवेल देऊन पाहिली होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पित्ताची वाट तुंबलेले ३० रुग्ण होते. शस्त्रक्रियेआधी काहींचं नुसतं साचलेलं पित्त बाहेर काढलं, बाकीच्यांना त्याच्या जोडीला गुळवेलही दिली. पहिल्या गटात ४० टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्यात ९२ टक्के. अशा काविळीत जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. गुळवेलीनं त्यांना पुन्हा कामाला लावलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. तीसच रुग्ण, त्यामुळे हुरळून जायला नको. पण उपचार मोजक्या दिवसांचा, मोजलेल्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली झाला होता.

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. प्रतिकारयंत्रणेला चेतवणारी वस्तू मंदावलेल्याला उठवते, तशी आधीच बिथरलेल्याला आणखी भडकवूही शकते. थायरॉइडचे काही विकार, संधिवाताचा आमवात हा प्रकार, ल्युपस ही मुळात स्वतःच्या शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीची दुखणी. असं काही असलेल्या माणसाला ‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला मला तरी धोक्याचा वाटतो.

वनस्पतीच्या ओळखीबद्दलचा मंत्रालयाचा मुद्दा रास्त आहे, फक्त त्यानं सगळं उलगडत नाही. गुळवेलीची एक बहीण यकृताला त्रासदायक म्हणून ओळखली जाते. तिच्या खोडावर चामखिळीसारख्या ठसठशीत गाठी असतात. वेल समोर असेल तर हे बघता येतं. पावडर झाल्यावर काय ओळखणार? आणि ‘गुळवेल’ या एका नावाखाली दुकानात मिळतं तेही एकसारखं नसतं. घनवटी म्हणजे काढा आटवून केलेल्या गोळ्या. सत्त्व म्हणजे ठेचलेली खोडं पाण्यात भिजवून तळाशी बसलेली पांढरी भुकटी, जी बहुतेक स्टार्चच असते. दोन्हींच्या मात्रेचा हिशेब वेगळा.

उपयोग नाहीच असं नव्हे. आयुर्वेद तापात आणि वातरक्तात, म्हणजे गाऊटसारख्या सांधेदुखीत, ती पूर्वीपासून वापरतो. नाकाच्या अॅलर्जीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या एका चाचणीत शिंका आणि नाक गळणं कमी झालं होतं. रक्तातली साखरही ती थोडी उतरवते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी परस्पर सुरू करू नये. गरोदर बायकांनी आणि यकृताचा जुना आजार असलेल्यांनी लांबच राहावं.

घेत असताना लघवी गडद पिवळी झाली, अन्नावरची वासना उडाली, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करावी. आणि डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारलं की काढ्याचंही नाव घ्यावं. आमच्या शेजारच्या काकू तीन महिने रोज पेलाभर पीत होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, ‘औषध? छे, मी काहीच घेत नाही.’