अभ्यासिका आणि कॉमन रूम यांमधली भिंत

वरच्या इयत्तांमधील विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात अधूनमधून मोकळ्या तासिका असतात. त्या वेळात त्यांनी कुठे बसायचे, हा प्रश्न बहुतेक शाळा एक मोठी खोली देऊन निकाली काढतात. गप्पा तिथेच, गृहपाठ तिथेच, परीक्षेची तयारीही तिथेच, आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. ती पाटी सहसा निष्प्रभ ठरते आणि दोष मुलांच्या बेशिस्तीवर ढकलला जातो. प्रत्यक्षात या गोंगाटात खोलीच्या छताचा वाटा मुलांपेक्षा फारसा कमी नसतो.

हे कसे, ते पाहण्यासाठी १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी एक खोली डोळ्यांसमोर आणू. फरशी गुळगुळीत, भिंती गिलावा केलेल्या, छत काँक्रीटचे. असे टणक पृष्ठभाग त्यांच्यावर आदळलेल्या ध्वनीपैकी जेमतेम तीन ते पाच टक्के ध्वनी शोषतात आणि उरलेला परत खोलीत फेकतात. बोलणे थांबल्यावरही आवाज रेंगाळतो, त्याला निनाद म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून काहीच कळेनासे झाले, तेव्हा १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे हे कोडे सोपवण्यात आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणवल्या आणि ऑर्गनची नळी व काळमापक घेऊन रात्रीच्या शांततेत मोजमापे केली. किती गाद्या ठेवल्या की आवाज किती वेळात विरतो, याची नोंद ठेवता ठेवता त्याला एक साधे सूत्र गवसले. खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतील एकूण शोषणाने, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तो शोषत असलेला ध्वनीचा वाटा यांच्या बेरजेने, भागायचे. उत्तर सेकंदांत मिळते.

आपल्या खोलीचे घनफळ २४० घनमीटर आहे आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ २६८ चौरस मीटर. सरासरी पाच टक्के शोषण धरले, तर निनाद सुमारे २.९ सेकंद येतो. याच खोलीच्या छताला सत्तर टक्के ध्वनी शोषणारे सच्छिद्र तक्ते लावले, तर तो ०.६ सेकंदावर उतरतो. अमेरिकेतील वर्गखोल्यांच्या ध्वनिमानकात एवढ्या आकाराच्या खोलीसाठी हीच मर्यादा घातलेली आहे. ही आकडेमोड रिकाम्या खोलीची आहे. माणसे आणि सामान आत आले की निनाद थोडा घटतो, पण दोन छतांमधला फरक मिटत नाही.

रेंगाळणाऱ्या आवाजाचा खरा उपद्रव पुढेच सुरू होतो. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे नोंदवले आणि या परिणामाला आजही त्यांचेच नाव आहे. बोलणारे दुप्पट झाले की निव्वळ गणिताने ध्वनिपातळी ३ डेसिबलने वाढायला हवी. पण प्रत्येक जण शेजारच्या टेबलावर मात करू पाहतो, त्यामुळे गर्दीच्या खोलीत ती ६ डेसिबलपर्यंत वाढू शकते. एका टेबलाने आवाज चढवला की दुसरे चढवते, आणि मग पहिल्याला पुन्हा चढवावा लागतो. शोषक छत या चढाओढीला मुळातच आवर घालते. त्यामुळे पाटी रंगवण्याआधी छताकडे पाहावे, असे माझे मत आहे. सोफे आणि रंगीत भिंती यांवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग वर वळवला तरी पुरे.

मात्र अभ्यासिकेचा प्रश्न केवळ आवाज कमी करून सुटत नाही. १९७६ साली कोल आणि वेल्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना अक्षरांच्या मालिका क्रमाने लक्षात ठेवायला सांगितल्या आणि त्या वेळी त्यांना न समजणाऱ्या भाषेतील वाचन पार्श्वभूमीला लावले. अर्थ कळत नसूनही चुका वाढल्या. पुढील संशोधनातून असे दिसले, की आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो क्षणाक्षणाला किती बदलतो, हे अधिक महत्त्वाचे असते. पंख्याची एकसुरी घरघर मेंदू बाजूला सारू शकतो. बोलण्यातील चढउतार मात्र क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात थेट लुडबूड करतात, आणि शब्द कळू लागले की वाचनाचे आकलनही बिघडते. फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकू येणे तर पूर्ण संभाषणापेक्षाही अधिक विचलित करते, असे २०१० मधील एका प्रयोगात आढळले, कारण पुढचा शब्द कोणता याचा अंदाज मेंदूला बांधता येत नाही. म्हणजे कोपऱ्यात दबक्या आवाजात चाललेला एक फोनही अख्ख्या अभ्यासिकेला पुरतो.

मग बोलणे बंदच करावे काय? तसे केले तर अभ्यासाचे एक प्रभावी साधन हातचे जाईल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आधी एकेकट्याने प्रश्न सोडवला, मग शेजाऱ्यांशी चर्चा केली आणि नंतर त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न पुन्हा एकेकट्याने सोडवला. चर्चेनंतर गुण वाढले, आणि गटातील एकालाही सुरुवातीला बरोबर उत्तर येत नव्हते तिथेही ते वाढले. हुशार मुलाकडून उत्तर उचलले, एवढ्याने याची उकल होत नाही. आपले म्हणणे दुसऱ्याला पटवून देताना विचारातील भोके दिसू लागतात. अशा चर्चेला कॉमन रूममधील टेबल हवे, अभ्यासिकेतील नव्हे.

अभ्यासिकेत कोणी बोलत नसले, तरी इतरांचे नुसते असणेही कामावर परिणाम करते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६९ मध्ये हे चक्क झुरळांवर तपासले. उजेडापासून पळून अंधाऱ्या खोक्यात शिरायचे, एवढेच त्या झुरळांचे काम होते. पारदर्शक भिंतीपलीकडे इतर झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून ठेवली, तेव्हा सरळ वाटेवर धावणारी झुरळे अधिक वेगाने पोहोचली, तर वळणाच्या वाटेवरची उलट रेंगाळली. माणसांत हा परिणाम लहान असला तरी त्याची दिशा तीच दिसते: सरावाची कामे चारचौघांत वेगाने होतात, नवे आणि अवघड काम मात्र अडखळते. उदाहरणे सोडवायला लांब सामाईक टेबल चालते; पहिल्यांदाच समजून घ्यायच्या प्रकरणासाठी आडोशाची जागा बरी. ग्रंथालयातील बैठकींचे निरीक्षण करणाऱ्या रॉबर्ट सॉमर यांना १९६० च्या दशकात असे दिसले होते, की एकटा वाचक बहुधा टेबलाच्या टोकाची खुर्ची धरतो. टेबलावर आठ खुर्च्या मांडल्या म्हणून आठ जणांची सोय होतेच असे नाही.

हवेचे गणित याहून सरळ आहे. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आपल्या खोलीत ३० विद्यार्थी बसवून दारे-खिडक्या घट्ट लावल्या, तर दशलक्ष भागांत ४२० असलेले त्याचे प्रमाण पाव तासात १,००० वर जाते. हवा कोंदट झाल्याची हीच खूण जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवली होती. १,००० ते २,५०० या पातळीला निर्णयक्षमता घसरते, असे २०१२ मधील एका प्रयोगात दिसले. इतर काही प्रयोगांत मात्र तसे आढळले नाही, त्यामुळे दोष केवळ या वायूचाच, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण इतरांनी सोडलेला श्वास आपण किती प्रमाणात पुन्हा आत घेतो आहोत, हे या आकड्यावरून नेमके कळते, आणि संसर्गाच्या दृष्टीने तेवढे कारण पुरेसे आहे. प्रमाण १,००० च्या आत ठेवायचे, तर या खोलीतील हवा ताशी सुमारे चार वेळा बदलावी लागते.

विश्रांतीच्या बाबतीत खिडकीचे महत्त्व आणखी वेगळे आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९४ शालेय विद्यार्थ्यांना बिनखिडकीच्या, इमारती दिसणाऱ्या किंवा झाडे दिसणाऱ्या खोल्यांत बसवले होते. काम चालू असताना खिडकीने फरक पडला नाही. पण कामानंतर थोडी सुटी घेतल्यावर, ज्यांना झाडे दिसत होती त्यांचे लक्ष अधिक चांगले सावरले. खिडकी एकच चांगली असेल, तर ती कॉमन रूमला द्यावी, हा निष्कर्ष मला तरी अनपेक्षित वाटला.

आता मधली भिंत. तिची ध्वनिरोधकता ५० डेसिबल असली, म्हणजे पलीकडचे बोलणे अलीकडे जवळजवळ ऐकू येऊ नये इतकी ती जाड असली, तरी दाराखालच्या फटीतून ध्वनी वाट काढतोच. ३० चौरस मीटरच्या भिंतीत ९० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर उंच फट असेल, तर ती भिंतीच्या जेमतेम ०.०३ टक्के भरते. तेवढ्यानेच संपूर्ण भिंतीची रोधकता ३५ डेसिबलच्या आसपास घसरते. दार अर्धे उघडे राहिले तर ती १५ वर येते, मग भिंत किती जाड बांधली याला अर्थ उरत नाही. फटीला रबरी पट्टी लावणे, दोन्ही खोल्यांच्या मध्ये दोन दारांचा छोटा बोळ ठेवणे किंवा दोन्ही दारे एकाच बोळात पण समोरासमोर न उघडणे, हे उपाय जाड भिंतीपेक्षा स्वस्त पडतात. अडचण एवढीच, की हवेसाठी खिडक्या उघडाव्या लागतात आणि शेजारच्या दोन उघड्या खिडक्यांमधून तेच बोलणे बाहेरून वळसा घालून अभ्यासिकेत येते. म्हणून दोन्ही खोल्यांच्या खिडक्या इमारतीच्या वेगवेगळ्या बाजूंना काढाव्यात, आणि हे नकाशा कागदावर असतानाच ठरवावे लागते.