वीर्यकांडीत जिवाणू येतात कुठून, करतात काय?

वीर्यकांडी म्हणजे कृत्रिम रेतनासाठी वळूचे वीर्य भरून गोठवलेली बारीक नळी. निरोगी वळूच्या वृषणात तयार होणारे शुक्राणू जवळजवळ निर्जंतुक असतात. घाण लागते ती वाटेच्या शेवटच्या टप्प्यात: मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि शिश्न झाकणाऱ्या कातडीच्या पिशवीत. ऊब, ओल, लघवीचे थेंब, शेणकचरा, जिवाणूंना तिथे सगळे आयतेच मिळते. पिशवीच्या तोंडावरचा केसांचा झुपका तर कायम बरबटलेला. म्हणून वीर्य गोळा करण्याआधी तो कापतात, पण साधारण 2 सेंटिमीटर शिल्लक ठेवून. मुळापासून भादरला तर उलटेच होते. लघवी या केसांवरूनच निथळते. ते नसले की आतली नाजूक त्वचा चुरचुरते, सुजते.

गोठित वीर्यासाठी आपल्याकडच्या किमान मानकानुसार मिलिलिटरमागे जिवाणूंच्या 5000 पेक्षा जास्त वसाहती (ढोबळमानाने एक वसाहत म्हणजे एक जिवंत जिवाणू) चालत नाहीत. पाव मिलिलिटरच्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात, म्हणजे त्यांच्यासोबत फार तर 1250 जिवाणू. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते मरतील असे समजू नका. अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल शुक्राणूंना जपतात, तसेच जिवाणूंनाही. जेंटामायसिन, टायलोसिनसारखी प्रतिजैविके मिसळतात, पण त्यांना काम करायला वेळ मिळतो तो गोठवण्याआधीच.

खरे नुकसान दिसते ते डुकराच्या वीर्यात. ते सहसा गोठवत नाहीत, 17 अंशांना काही दिवस द्रवरूपातच ठेवतात. त्यात ई. कोलाय वाढला की सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू डोक्याला डोके चिकटून गुच्छ करून वळवळताना दिसतात. या जिवाणूच्या अंगावरचे केसासारखे तंतू शुक्राणूवरच्या मॅनोज साखरेला पकडतात. वळवळ भरपूर, पण पुढे सरकणे नाही. कधी जिवाणूंनी सोडलेल्या आम्लाने द्रवाचा सामू घसरतो आणि हालचाल मंदावते.

तरीही नुसत्या संख्येवर विसंबणे धोक्याचे. कॅम्पिलोबॅक्टर फीटस व्हेनेरिआलिस हा जिवाणू वळूला काहीच करत नाही. वीर्य चांगले, वळू धडधाकट. गाई मात्र एकामागून एक उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, कारण बिघाड त्यांच्या गर्भाशयात होतो. त्यासाठी पिशवीतल्या धुवणाची वेगळी तपासणी करावी लागते.

माणसाच्या बाबतीत चित्र धूसर आहे. अपत्ये असलेल्या निरोगी पुरुषांच्या वीर्यातही जिवाणू सापडतात. मिलिलिटरमागे 10 लाखांहून अधिक पांढऱ्या पेशी असतील तर डॉक्टर संसर्गाचा विचार करतात. या पेशींतून निघणारे ऑक्सिजनचे तिखट रेणू शुक्राणूचे स्निग्ध आवरण खराब करतात. पण कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच गोळ्या सुरू करणे घाईचे ठरते. आधी नमुना कसा घेतला ते विचारावे: लघवी करून, हात व शिश्न साबणाने धुऊन, साबण पूर्ण काढून, कोरडे करून, निर्जंतुक डबीत. डबी 3 तासांच्या आत प्रयोगशाळेत तपासायला घेतली गेली पाहिजे. यातले काही चुकले असेल तर अहवालातले जिवाणू बहुधा कातडीवरचे असतात.