खाजेची ट्यूब मागण्याआधी एवढं वाचा

(आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर)

पावसाळा लागला की काउंटरवर एकच मागणी वाढते. पिळून चपटी झालेली ट्यूब पुढं येते, नाहीतर मोबाइलवर तिचा फोटो. सोबतचं वाक्य ठरलेलं असतं: "हीच द्या, मागच्या वेळी दोन दिवसांत गुण आला होता." आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. मग वाद होतो, मागं रांग खोळंबते, आणि शेवटी "राहू दे, पलीकडं मिळते की" म्हणून माणूस निघून जातो. रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवलेलं बरं.

दोन दिवसांत गुण येतो, हे खोटं नाही. सगळा घोळ तिथंच आहे.

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा किंवा दाद म्हणा, हा बुरशीचा आजार. चट्ट्याची कड लालसर, किंचित उंच आणि पापुद्रे सुटलेली असते. मधली कातडी साफ होत जाते आणि कड बाहेर सरकत राहते. जागा ठरलेल्या: जांघ, कंबर, नितंब, काख, बायकांना छातीखाली आणि परकराच्या नाडीखाली. घाम आला की खाज वाढते.

तुम्ही मागता त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीचं, एक-दोन जंतूंवरची, आणि एक स्टिरॉइड. खाज थांबते ती स्टिरॉइडनं. बुरशीशी लढताना शरीर जी लाली आणि खाज उठवतं, तीच स्टिरॉइड दाबतं. कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधलं आणि चोर घरातच राहिला, असा हा प्रकार. ट्यूब बंद केली की आठ-दहा दिवसांत चट्टा परत येतो आणि आधीपेक्षा मोठा येतो. पुन्हा ट्यूब, पुन्हा दोन दिवस आराम. असे तीन-चार फेरे झाले की चट्ट्याची कड पुसट होते, गोल आकार जातो आणि नुसतं बघून डॉक्टरांनाही ओळखणं अवघड होतं. मग कातडीचे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. महिना-दीड महिन्यात आटपणारं काम अनेक महिन्यांवर जातं. त्यात जांघेतली कातडी पातळ होऊन जे जांभळट-पांढरे पट्टे पडतात, ते जात नाहीत. तोंडाला हीच ट्यूब "गोरं दिसायला" लावणाऱ्यांची कातडी लाल होते, पुळ्या येतात, बारीक केस वाढतात आणि उन्हात गेलं की आग होते.

स्टिरॉइड मुळातच वाईट, असं आमचं म्हणणं नाही. इसबावर डॉक्टर तेच देतात. पण कुठल्या ताकदीचं, शरीराच्या कुठल्या भागाला आणि किती दिवस, हे ठरवून देतात. बुरशीवर आपल्या मनानं लावायचं ते औषध नव्हे.

ट्यूबवर काय वाचायचं

मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, खालचं बारीक वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. क्लोट्रिमाझोल, लुलिकोनाझोल, केटोकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल ऐकायला जवळपास सारखी वाटतात आणि फोनवर नेमका तिथंच गोंधळ होतो. म्हणून फोनवर नाव सांगू नका, खोक्याचा स्पष्ट फोटो पाठवा. खोक्यावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवरच द्यायचं असतं. २०१८ साली केंद्र सरकारनं बऱ्याच स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवायची विक्री थांबवली. तेव्हा आम्ही नाही म्हणतो तो आमचा ताठा नाही. त्या ट्यूबवर आम्हालाही पैसे सुटतात, आणि वारंवार लागणारं गिऱ्हाईक कुठल्या दुकानदाराला नको असतं? तरी चिठ्ठीशिवाय ती आमच्याकडं मिळणार नाही.

औषध बरोबर, तरी गुण नाही

याची कारणं बहुतेक दोनच असतात: औषध कमी लावलेलं, नाहीतर लवकर बंद केलेलं.

मापाची सोपी रीत अशी. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढं मलम निघतं, ते साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात बोटांसकट दोन तळहातांइतकी जागा भागते. दोन्ही जांघा आणि कंबर धरली तर असे चार तळहात सहज होतात, म्हणजे एका वेळेला एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं तर दोन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपायला हवी. ती महिनाभर पुरली असेल तर औषध पुरेसं लागलेलंच नाही. (आम्ही ट्यूबा खपवायला सांगतोय असं वाटेल. हिशोब तुम्हीच करून बघा.) अशा वेळी ३० किंवा ५० ग्रॅमची ट्यूब घ्या, ग्रॅममागं स्वस्त पडते. लुलिकोनाझोल दिवसातून एकदाच लावायचं असतं, त्यामुळं त्याला निम्मं लागतं.

अंघोळीनंतर जागा टिपून पूर्ण कोरडी करा आणि मगच लावा. चट्ट्याच्या आत लावून थांबू नका. कडेबाहेर दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याची रुंदी, साध्या दिसणाऱ्या कातडीलाही लावा, कारण बुरशी तिथं आधीच पोचलेली असते. बाहेरून आत या. चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवा. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं धरू नका. गजकर्ण उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

चट्टे बरेच असतील, घरात दोघा-तिघांना असतील किंवा आधी स्टिरॉइडची ट्यूब झाली असेल, तर नुसत्या मलमानं भागत नाही. डॉक्टर पोटातून गोळ्या देतात. त्यात इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूल असतील तर भरपेट जेवल्यावर लगेच घ्या आणि अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेऊ नका, औषध अंगात नीट उतरत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी रोजच चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

आता कपडे. कोल्हापूरच्या पावसात दोरीवर चार-चार दिवस दमट राहिलेली चड्डी आणि बनियन हे निम्मं दुखणं. कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून वाळवा आणि ऊन नसेल तर शिवणीवर आणि इलॅस्टिकवर गरम इस्त्री फिरवा. कमरेचा करदोडा दिवसभर ओला राहतो आणि त्याच्याखालीच चट्टा फिरतो. बरं होईपर्यंत तो काढून ठेवा, मन होत नसेल तर निदान रोज बदला. तालमीत जाणाऱ्या पोरांनी लंगोट आणि पंचा स्वतःचाच वापरावा, दुसऱ्याचा घेऊ नये, सरावानंतर लगेच अंघोळ करावी आणि अंगावर चट्टा असताना कुस्तीची जोड धरू नये. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभे राहणाऱ्यांनी पाळी संपल्यावर घामाच्या कपड्यांत घरापर्यंत येण्यापेक्षा कपड्यांचा एक कोरडा जोड डब्याच्या पिशवीत ठेवावा. लसूण चोळणं, चुना, रॉकेल, बॅटरीचं पाणी यांनी कातडी भाजते, मग भाजल्याचा वेगळा उपचार करावा लागतो.

खरूज वेगळी

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, लघवीच्या जागी बारीक पुळ्या, रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम, असं असेल तर ती बहुधा खरूज. ती बारीक किड्यानं होते, तिला बुरशीचं मलम चालत नाही. पर्मेथ्रिन ५ टक्के हे क्रीम डॉक्टर देतात. ते नुसत्या पुळ्यांवर लावलं तर वाया जातं. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, सगळीकडं रात्री लावा, आठ ते बारा तास ठेवा आणि सकाळी धुवा. मध्येच हात धुतले तर हातांना परत लावा. मोठ्या माणसाला एका वेळेला ३० ग्रॅम लागतं, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला साधारण निम्मं, १ ते ५ वर्षांच्याला चौथाई. सात दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. बाळ, गरोदर बाई किंवा अंगावर पाजणारी आई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला ठेवा.

किडा मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. "औषध लागू पडलं नाही" म्हणून रोज क्रीम लावत बसू नका, कातडी आणखी चिडते.

लहान मुलांचं

मुलांना मोठ्यांची ट्यूब कधीच लावू नका. मुलांची कातडी पातळ असते आणि डायपरच्या खाली झाकलेल्या जागेत स्टिरॉइड जास्त शोषलं जातं. डायपरच्या लालीला झिंक ऑक्साइडचं साधं मलम, डायपर वरचेवर बदलणं आणि दिवसातून काही वेळ उघडं ठेवणं एवढं बहुतेक वेळा पुरतं. दोन-तीन दिवसांत कमी नाही झालं, किंवा मोठ्या लालीभोवती बारीक लाल ठिपके दिसले, तर दाखवा.

गालावरच्या फिक्या पांढऱ्या डागांसाठी आम्हाला जंताची गोळी आणि कॅल्शियम मागितलं जातं. ते डाग बहुधा कोरड्या कातडीचे असतात. साधी पेट्रोलियम जेली दिवसातून दोनदा लावा, जायला काही महिने लागतात. पण डागावर स्पर्श, टोचणं किंवा गरम-गार कळत नसेल तर तो डाग वेगळा, मुलाचा असो वा मोठ्याचा. तपासणी लगेच करा. कुष्ठरोग लवकर सापडला तर पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं.

नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या असतील तर ते जंतूंमुळं. कोमट पाण्यानं खपली मऊ करून काढा आणि डॉक्टरांनी दिलेलं जंतूंचं मलम सांगितलेले सगळे दिवस लावा. नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड असतील तर तो बहुधा हाता-पाया-तोंडाचा विषाणू, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. आठवडा-दहा दिवसांत आपोआप उतरतो. तोपर्यंत गार दूध, पेज, खिचडी द्या. तांबडा रस्सा घरच्यांनी खावा, बाळानं नको. पुढं काही आठवड्यांनी नखं सुटली तर घाबरू नका, नवी येतात.

कांजिण्यांत घरात देवीचं म्हणून जे करायचं ते करा, कडुलिंबाचा पाला ठेवा, पण अंघोळ बंद करू नका आणि आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. सगळे फोड खपली धरेपर्यंत शाळा नको. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. डोळे लाल, नाक गळणं, खोकला, ताप आणि मग कानामागून सुरू झालेला पुरळ, हा गोवर असू शकतो. गोवराला घरी बसून वाट बघायची नसते.

तापाच्या औषधाबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. पॅरासिटामॉल वजनावर देतात: एका वेळेला किलोमागं १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. २५० चं सिरप (म्हणजे ५ मिलीत २५० मिलिग्रॅम) असेल तर ते ३ मिली होतं, १२० चं (५ मिलीत १२० मिलिग्रॅम) असेल तर सव्वासहा मिली, आणि थेंबांची बाटली १०० मिलिग्रॅम प्रति मिलीची असेल तर फक्त दीड मिली. "मागच्या वेळी पाच मिली दिलं होतं" म्हणून थेंबांच्या बाटलीतून पाच मिली दिलं, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. आमच्याकडं बाळाचा वजनकाटा आहे. वजन करा, बाटलीवर किती मिली ते आम्ही पेननं लिहून देतो, बाटली दुसरीकडून घेतलेली असली तरी.

पुरळावर काचेचा ग्लास दाबून बघा. लाली जात नसेल, जांभळे ठिपके तसेच दिसत असतील आणि ताप असेल, तर दुकानात येऊ नका, थेट दवाखान्यात जा. मूल सुस्त असेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, डोळ्याभोवती फोड असतील किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तरीही तेच.

चिठ्ठी कुठून आणायची

आम्ही कातडी बघून रोगाचं नाव सांगत नाही, तो आमचा अधिकार नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना त्या दिवशी चट्ट्यावर मलम-पावडर काही लावू नका आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना त्यावरूनच निम्मं कळतं. चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर औषध काढून ठेवतो, मूळ चिठ्ठी घेताना दाखवा. पूर्ण कोर्सचं औषध एकदम घेतलं तर किती दिवस आणि कधी लावायचं ते खोक्यावर मराठीत लिहून देतो. न उघडलेली, बिलासकटची ट्यूब आठ दिवसांत बदलून मिळते, उघडलेली मात्र कुठल्याही कारणानं परत घेतली जाणार नाही.