बांगड्याच्या तिखल्याबरोबर कोणती वाइन?

भाऊबीज आटोपली की कोकणातल्या बऱ्याच घरांत फराळाचे डबे मागे पडतात आणि आज बांगडा कसा आलाय, याची चौकशी सुरू होते. सुट्टीला आलेली मंडळी हल्ली सोबत नाशिकची एखादी बाटली आणतात, बहुधा रेड. तिखल्याचा, म्हणजे मिरची, सोलं आणि त्रिफळं घातलेल्या माशाच्या तिखट रस्स्याचा घास खाऊन त्यावर घोट घेतला की तोंडात गंजलेल्या खिळ्यासारखी चव येते आणि मागोमाग माशाचा उग्र वास. मग वाइन खराब निघाली म्हणून बाटली बाजूला पडते. खरं तर ती वाइन मटणाबरोबर उत्तम लागली असती.

या वासामागे लोह आहे. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये डझनावारी वाइन स्कॅलॉप या शिंपल्यांबरोबर चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्यानंतर माशाचा वास जास्त. वाइनमधलं लोह रसायनाने बांधून टाकलं, तेव्हा वास कमी झाला. माशातल्या तेलाचं हवेमुळे थोडं ऑक्सिडीकरण झालेलंच असतं. लोहाशी गाठ पडताच त्यातून अल्डिहाइडं नावाची उग्र वासाची संयुगं झटकन सुटतात. बांगडा तर तेलकट मासा. रेड वाइनमध्ये लोह साधारणपणे जास्त असतं, पण प्रत्येक रेडमध्ये असतंच असं नाही, आणि लेबलवर ते लिहिलेलं नसतं. म्हणून बांगड्याबरोबर व्हाइट घेणं बरं. याच कारणासाठी तिखलं लोखंडी कढईत करू नये. सोलांच्या (आमसुलांच्या) आंबटपणाने कढईतलं लोह रस्स्यात उतरतं. मातीचं किंवा स्टीलचं भांडं घ्यावं.

आता तिखलं. मध्यम आकाराचे 4 बांगडे साफ करून, तुकडे करून, मीठ-हळद लावून 15 मिनिटं ठेवावेत. 10 ब्याडगी मिरच्या रंगासाठी आणि 2 संकेश्वरी तिखटपणासाठी, कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवाव्यात. त्यात 1 चमचा धणे, पाव वाटी ओलं खोबरं, अर्धा चमचा हळद घालून वाटप गंधासारखं बारीक करावं. भरड राहिलं तर रस्सा आणि पाणी वेगळं होतं. दीड कप पाण्यात वाटप 5 मिनिटं उकळू द्यावं, मग मासे, 6 सोलं आणि बिया काढून जरा ठेचलेली 8 त्रिफळं (आयुर्वेदातलं त्रिफळा चूर्ण नव्हे, जिभेला झिणझिण्या आणणारी मसाल्याची फळं) टाकावीत. मंद आचेवर 7-8 मिनिटं पुरे. मध्ये डाव घालू नये, भांडंच दोन्ही हातांनी धरून हलवावं. माशाच्या मांसाचे थर जोडून ठेवणारं कोलॅजन थोड्या उष्णतेतच विरघळतं, त्यामुळे डाव लागला की तुकड्याचा चुरा होतो. उतरवताना वरून 1 चमचा कच्चं खोबरेल.

सोलांचं काम फक्त चवीचं नाही. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्यातल्या एका संयुगापासून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात. माशाचा ओळखीचा वास तो हाच. आम्लाशी जुळून त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही, म्हणून वास दबतो. पण सोलं घातली म्हणून शिळा बांगडा ताजा होत नाही. बांगड्यात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि मासा उन्हात किंवा ओट्यावर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं ही त्याची लक्षणं. शरीर हिस्टामाइनचा निचरा ज्या विकराने करतं, त्याच्या कामात मद्य अडथळा आणतं, म्हणून वाइन असेल त्या दिवशी बांगडा बाजारातून बर्फातच घरी यायला हवा.

तिखटाचं गणित वेगळं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवतं, तो मुळात चटका ओळखण्यासाठी असतो, सुमारे 42 अंशांच्या पुढचा. अल्कोहोलने हा उंबरठा 34 अंशांच्या आसपास खाली येतो. म्हणजे तोंडाची नेहमीची ऊबही चटक्यासारखी वाटते. तिखल्यावर 14 टक्के अल्कोहोलची वाइन प्यायलात तर आग वाढते, 12 टक्क्यांची जरा सोसवते. बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइनही तिखटावर नको. कार्बन डायऑक्साइडचं तोंडात आम्ल होतं आणि ते वेदनेच्याच नसांना टोचतं. त्रिफळाची झिणझिण हा आणखी निराळा प्रकार. त्रिफळाच्याच कुळातली सिचुआन मिरी ओठांवर लावून 2013 मध्ये लंडनमध्ये प्रयोग झाला, तेव्हा लोकांना जाणवलेली थरथर सेकंदाला सुमारे 50 वेळा होती. ही थरथर चालू असताना वाइनचा नाजूक सुगंध कळत नाही, म्हणून वाइन आधी नुसती चाखावी.

या सगळ्याला तोंड देणारी वाइन म्हणजे थंड, किंचित गोड, आंबटपणा टिकवून असलेली शेनिन ब्लांक, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन. नाशिकच्या बऱ्याच शेनिन ब्लांकमध्ये थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात आणि गोडी तिखट दबवते. तिथे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणून दिवाळीला व्हाइट घेताना बाटलीवर याच किंवा मागच्याच वर्षाचा आकडा बघावा.

जोडी समजून घ्यायची तर जेवणाच्या आधी एका ताटलीत मीठ, लिंबाची फोड आणि गुळाचा खडा ठेवा. पेल्यात 50 मिली वाइन ओतून एक घोट नुसता घ्या. मग लिंबू चाटून दुसरा: तीच वाइन बेचव, पाणचट लागेल. मिठानंतर ती मऊ आणि फळासारखी होते. गुळानंतर आंबटढाण. म्हणजे वाइन ताटातल्या आंबटापेक्षा आंबट आणि गोडापेक्षा गोड असली तरच तग धरते. करंजी-चिरोट्यांबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली वाइन बिघडते ती यामुळेच. तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन लागते. कमी तिखटाच्या चकली-कडबोळ्यांबरोबर मात्र स्पार्कलिंग फार छान जमते, तेलाचा थर आम्लाने आणि बुडबुड्यांनी धुतला जातो. सोलकढी आणि वाइन एकाच घासाला घेऊ नका. तिखल्यातल्या मोजक्या सोलांचं ठीक, पण सोलकढीतल्या आम्लापुढे कुठलीच वाइन उभी राहत नाही.

थंडाव्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या 16-18 अंशांच्या खोलीचा आहे. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये खोली 30 अंशांवर असते आणि त्या तापमानाला अल्कोहोलच नाकात जातं. व्हाइट 8-10 अंशांवर हवी. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवली की 15-20 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण खड्यांमधल्या हवेतून उष्णता नीट जात नाही. फ्रीजरमध्ये ठेवलीत तर 30-40 मिनिटांचा गजर लावा. उणे 5-6 अंशांवर वाइन गोठू लागते आणि फुगलेला बर्फ बूच बाहेर ढकलतो. पेल्यात थोडीथोडी ओता, भरलेला पेला पंख्याखाली लगेच कोमट होतो.

उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते; बाहेर ठेवलीत तर हवेतले जिवाणू तिचा व्हिनेगर करायला लागतात. तिखलंही निवलं की लगेच फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी सोलांचा आंबटपणा माशात मुरलेला असतो, तेव्हा शेनिन कालच्यापेक्षा जरा जास्त थंड करून घ्या.